चौकोनातली चुळबुळ

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात तीन चौकोन असतात. अभ्यासक्रम बदलले, पानं रंगीत झाली, धड्याखालचे प्रश्न पर्यायवाचक झाले, पण हे तीन चौकोन कोणाला हलवता आलेले नाहीत. पहिल्यात गोळे एकमेकांना खेटून, रांगा धरून उभे. खाली लिहिलेलं ‘स्थायू’. दुसऱ्यात तेच गोळे जरा विस्कटलेले, मध्ये ऐसपैस मोकळी जागा. खाली ‘द्रव’. तिसऱ्यात जेमतेम सहा-सात गोळे, एकमेकांशी बोलणं टाकल्यासारखे चार कोपऱ्यांत. खाली ‘वायू’. शर्टाच्या बटणाभोवती पेन्सिल फिरवून मुलं हे गोळे काढतात, रंगवतात, तीन गुण मिळवतात आणि पुढे जन्मभर अशा समजुतीत राहतात की पदार्थाच्या अवस्थांचा प्रश्न आपल्यापुरता मिटला.

चित्र कमी पडलं तर सरांकडे उपमा तयार असते. तास चालू असताना बाकांवर बसलेली मुलं म्हणजे स्थायूचे कण. मधल्या सुट्टीत वर्गातल्या वर्गात फिरणारी मुलं म्हणजे द्रवाचे. आणि शाळा सुटल्याची घंटा झाली की जे होतं ते वायूचे. उपमा वर्गाला लगेच पटते, कारण तिच्यात आपली दखल घेतली गेली असं वर्गाला वाटतं. पण ती फार ताणली तर पंचाईत होते. वायूचे दोन कण एकमेकांवर आदळले तर दोघं मिळून जेवढी ऊर्जा घेऊन आले होते, तेवढीच घेऊन परत जातात. कोणी रडत नाही, कोणाच्या दप्तराचा पट्टा तुटत नाही, आणि ‘बाई, ह्यानं आधी ढकललं’ अशी तक्रार घेऊन कोणी जात नाही. शाळा सुटतानाच्या एकाही टकरीबद्दल असं म्हणता येणार नाही. शिवाय तास चालू असताना मुलं शांत बसलेली असतात, हे सरांचं मत. मागच्या बाकावरून वर्ग पाहिलेल्या माणसाचं मत वेगळं असतं. गंमत अशी की उपमा नेमकी इथंच, सरांच्या नकळत, खरी ठरते. स्थायूचे कणही शांत बसलेले नसतातच.

पण आधी चौकोनांचा हिशेब तपासू. दुसरा चौकोन पहिल्यापेक्षा चांगला सैल काढायची पद्धत आहे. प्रत्यक्षात बहुतेक पदार्थ वितळले तरी जेमतेम काही टक्क्यांनी फुगतात. द्रवातले कण स्थायूइतकेच एकमेकांना खेटलेले असतात, फक्त रांग मोडलेली असते. पाण्याची तर तऱ्हाच उलटी. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के जास्त जागा मागतं, हे फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली विसरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे पाण्यापुरता तरी पहिला चौकोन दुसऱ्यापेक्षा सैल काढायला हवा. तसा कोणी काढला तर पेपर तपासणारे काय करतील, ते सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही.

तिसऱ्या चौकोनात तर उधळपट्टीच आहे. एक लिटर पाण्याची वाफ केली तर ती सोळाशे लिटरांहून जास्त जागा व्यापते. खोलीतल्या हवेत दोन रेणूंमधलं अंतर साधारण एका रेणूच्या रुंदीच्या दहापट असतं. पहिल्या चौकोनात पाच ओळींत पाच असे पंचवीस गोळे काढले असतील, तर त्याच मापाच्या तिसऱ्या चौकोनात हिशेबाप्रमाणे पाव गोळा यायला हवा. पाव गोळा काढणाऱ्याला पाव गुणही मिळत नाही, म्हणून प्रकाशक मुलांच्या भल्यासाठी सहा-सात काढून ठेवतात.

तिसरी चूक प्रकाशकाची नाही, कागदाची आहे. छापलेलं चित्र हलत नाही. आणि पदार्थाबद्दल सगळ्यात आधी सांगायला हवं ते हेच, की त्याच्या आत कधीच काही थांबत नाही. कण तेच असतात. बर्फातला पाण्याचा रेणू, माठातला रेणू आणि कुकरच्या शिट्टीतून निसटलेला रेणू ह्यांच्यात तसूभर फरक नसतो. फरक असतो तो चुळबुळीचा, आणि शेजाऱ्यांनी ती किती चालवून घेतली त्याचा. स्थायूत जागच्या जागी थरथरायची मुभा असते, द्रवात शेजार बदलायची, वायूत घरच सोडून जायची. आपण तापमान म्हणतो ते ह्या चुळबुळीचंच मोजमाप. अंगाला ताप आहे का पाहायला काखेत थर्मामीटर लावतो, तेव्हा आपण शरीरातल्या रेणूंना ‘फारच वळवळ चालली आहे का?’ एवढंच विचारत असतो.

ह्याचा खरा पडताळा प्रयोगशाळेत येत नाही, स्वयंपाकघरात येतो. प्रयोगशाळेतले पदार्थ बाटलीवर आपलं नाव लावून, नियम पाठ करून बसलेले असतात. स्वयंपाकघरातल्यांनी पाठ्यपुस्तक उघडलेलं नसतं.

एका घरी सहावीतली मुलगी ओट्याजवळच्या स्टुलावर बसून मोठ्यानं पाठ करत होती, ‘द्रवाला स्वतःचा आकार नसतो. तो भांड्याचा आकार घेतो.’ त्याच वेळी आई पिशवीतला रवा डब्यात ओतत होती. मुलीनं पुस्तकावरून डोळे उचलले. ‘आई, मग रवा द्रव आहे का गं?’ आई म्हणाली, ‘रवा रवा आहे. तू वाच.’ उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्यावर गुण मिळाले नसते. पोरीची शंका मात्र रास्त होती. रवा ओतता येतो, गोल डब्यात गोल होतो, चौकोनी डब्यात चौकोनी होतो आणि सांडला तर फरशीभर पसरतो. तरी तो द्रव नाही, ह्याचा पुरावा डब्यातच दिसत होता. रव्याची मध्यभागी शीग झाली होती. पाण्याची शीग होत नाही. पाण्याचा रेणू शेजाऱ्यांना सोडत, धरत घरंगळतो आणि पृष्ठभाग आपोआप सपाट होतो. रव्याचा दाणा आपल्या पोटातल्या कोट्यवधी कणांना घट्ट धरून बसलेला एक अख्खा स्थायू असतो, आणि घर्षणामुळे तो दुसऱ्या दाण्यावर अडून राहतो. आईनं डबा दोनदा ओट्यावर आपटला, तेव्हा कुठे झाकण लागलं. बसवायला डबा आपटावा लागतो तो द्रव नव्हे, ही व्याख्या कुठल्याही मंडळाला मोफत घेता येईल.

तुपाचा खाक्या आणखी वेगळा. तूप हा एकच पदार्थ नसून कमी-अधिक तापमानाला वितळणाऱ्या स्निग्धांशांचं ते संमेलन आहे, आणि संमेलनात एकमत कधी होत नाही. थंडीच्या सकाळी बरणीत पाहिलं तर तळाशी पांढरे रवाळ कण आणि वर पिवळं पातळ तूप. काही रेणूंनी रांगा धरलेल्या असतात आणि उरलेले अजून विचार करत असतात. कढवलेलं तूप सावकाश निवू दिलं की रेणूंना रांगा धरायला वेळ मिळतो, स्फटिक मोठे होतात आणि तूप रवाळ होतं. घाईनं फ्रीजमध्ये ढकललं की जो तो दिसेल त्या जागी बसकण मारतो आणि तूप मेणासारखं एकसंध गोठतं. ‘तूप निवेपर्यंत हात लावू नका’ असं घरातली मोठी बाई दटावते, तेव्हा ती स्फटिकशास्त्रावरचं व्याख्यान एका वाक्यात संपवत असते.

खोबरेल तेलाचा मामला तर सरळ भौगोलिक आहे. ते २४-२५ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरात दादरहून पुण्याला निघालेली बाटली दादरला द्रव असते आणि पुण्यात पहाटे बॅगेतून काढली की स्थायू. मग ती तोंडाशी काडी घालून कोरायची, उन्हात ठेवायची, नाहीतर अंघोळीच्या गरम पाण्यात बुडवायची. बाटली तीच आणि तेलही तेच, फक्त आतल्या रेणूंचा उत्साह पाच-सात अंशांनी उतरलेला असतो. पुण्याला येऊन तो उतरतो, ह्यावर मुंबईकर काय ते बोलून घेतीलच.

आता वायूकडे वळू. वायूचं अस्तित्व आपल्याला डोळ्यांपेक्षा नाकानं जास्त कळतं. रविवारी सकाळी इमारतीत कोणीतरी तव्यावर सुके बोंबील टाकतं आणि थोड्या वेळात ती बातमी मजल्यामजल्यावर पोहोचते. वास म्हणजे नुसती जाणीव नसते. बोंबलातून सुटलेले काही रेणू प्रत्यक्ष आपल्या नाकात येऊन बसतात, तेव्हा तो कळतो. वरच्या मजल्यावरच्या कट्टर शाकाहारी काकांनी नाकाला रुमाल लावण्याआधी, सूक्ष्म प्रमाणात का होईना, त्यांचा पाहुणचार झालेला असतो. हे त्यांना सांगू नये.

पण इथं एक कोडं आहे. हवेतले रेणू खोलीच्या तापमानाला सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगानं धावतात, म्हणजे आवाजापेक्षाही जोरात. वासाचे रेणू अंगानं जरा जड आणि वेगानं कमी धरले तरी बोंबील तव्यावर पडताच, चुर्र ऐकू येण्याच्या सुमारासच सगळ्या इमारतीला वास यायला हवा. प्रत्यक्षात वास पुरेसा वेळ घेतो. हीच शंका १८५८ साली नेदरलँड्समधल्या बॉइस बॅलट नावाच्या हवामानशास्त्रज्ञानं काढली होती. रुडॉल्फ क्लॉसियस ह्या जर्मन शास्त्रज्ञानं आदल्याच वर्षी रेणूंच्या ह्या अफाट वेगाचा हिशेब छापला होता. बॅलटचं म्हणणं एवढंच, की वायूचे रेणू खरंच एवढे धावत असतील, तर ते एकमेकांत मिसळायला एवढा वेळ का लावतात? शंका घेणारा माणूस साधासुधा नव्हता. आवाज जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू येतो का, हे तपासायला त्यानं १८४५ साली वादकांना चालत्या आगगाडीवर चढवून तुताऱ्या वाजवायला लावल्या होत्या आणि रुळांच्या कडेला कान तयार असलेली माणसं उभी केली होती. अशा माणसाच्या शंकेला उत्तर द्यावंच लागतं.

क्लॉसियसनं ते दिलं. रेणू धावतात खरे, पण त्यांना कोणी सरळ जाऊ देत नाही. हवेतला रेणू सरासरी मिलिमीटरच्या दहा-पंधरा हजाराव्या भागाइतका पुढे जातो न जातो तोच दुसऱ्यावर आदळतो आणि भलतीकडेच वळतो. एका सेकंदात अशा काही अब्ज टकरी होतात. धाप लागेपर्यंत पळायचं आणि पोहोचायचं मात्र कुठेच नाही, असं त्याचं आयुष्य असतं. बोंबलाचा वास जिना चढतो तो ह्या ढकलाढकलीमुळे कमी आणि कोणीतरी दार उघडल्यामुळे, पंखा लावल्यामुळे जास्त. वर्तमानपत्रानं तो हाकलू पाहणाऱ्या मंडळींनी हे लक्षात घ्यावं. ते वास घालवत नसतात, त्याला पोहोचवायला मदत करत असतात.

स्वयंपाकघरातला सगळ्यात मोठा बहुरूपी मात्र ओट्याखाली उभा असतो. आपण त्याला ‘गॅस’ म्हणतो, पण लाल सिलिंडरात भरलेला १४.२ किलोचा माल बहुतांशी द्रव असतो. त्यात मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन. उघड्यावर ब्युटेन शून्याच्या जरा खालीच उकळतं आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. म्हणजे आपल्या स्वयंपाकघराच्या हवेत दोघं केव्हाच उकळून पसार झाले असते. लोखंडी भिंती आणि आतला दाब ह्यांच्यामुळेच ते द्रवरूपानं थांबून असतात. शेगडीची कळ फिरवली की वरची वाफ बाहेर पडते आणि तिची जागा भरायला खालचा द्रव थोडा उकळतो. आत थेंबभर द्रव शिल्लक असेपर्यंत दाब जवळजवळ तेवढाच राहतो आणि ज्योत बहुतेक तशीच निळी दिसते. सिलिंडर संपत आल्याचं आपल्याला कधी कळत नाही, ह्याचं कारण इथं आहे. तो शेवटपर्यंत चेहऱ्यावर काही दाखवत नाही आणि पुरण शिजत असताना एकाएकी मान टाकतो. त्या क्षणी त्याला हलवून पाहणं, तिरका करणं, त्याच्याकडे रागानं बघणं वगैरे उपाय होतात. त्यांपैकी शेवटचा सगळ्यात सुरक्षित आहे.

आत किती माल उरला आहे, हे विचारायची एक जुनी रीत मात्र खरंच चालते. ओलं फडकं सिलिंडरवरून खालीवर फिरवायचं आणि मिनिटभर बघत बसायचं. वरचा भाग पटकन वाळतो, खालचा ओला राहतो, आणि दोन्हींच्या मध्ये एक आडवी रेघ उमटते. रेघेखाली द्रव असतो. द्रवाला तापवायला जास्त उष्णता लागते, म्हणून तिथला पत्रा गार राहतो आणि पाणी सावकाश उडतं. रेघेच्या वर नुसती वाफ असते. एका पोतेऱ्यात मापन, उष्णतेची धारणा आणि बाष्पीभवन हे तीन धडे आले. आणि ह्या वायूला वास नसतो. जो घाणेरडा वास आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. गळती झाली तर हवेपेक्षा जड असलेला हा वायू जमिनीलगत पसरतो, म्हणून वास आला की दिव्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या-दारं उघडायची. इथं विनोद करायचा नाही.

उकळण्याबद्दल मात्र करायला हरकत नाही, कारण त्या बाबतीत आपण सगळेच अंधश्रद्ध आहोत. भात लवकर व्हावा म्हणून उकळी आल्यावरही आपण आच मोठी ठेवतो. पाणी एकदा उकळायला लागलं की त्याचं तापमान वाढत नाही. वाढवलेल्या आचेची सगळी उष्णता रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात, आणि त्या शंभर अंशांच्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. तापायला फारसं काही लागत नाही, सुटका करून घ्यायला फार लागतं. तेव्हा मोठ्या आचेनं भात लवकर होत नाही, पाणी लवकर आटतं, खिडकीच्या काचा ओल्या होतात आणि वर सांगितल्याप्रमाणे सिलिंडर पुरणाच्या दिवशी मान टाकतो.

शंभर अंश हाही आकडा समुद्रकाठच्या गावांपुरता. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, रेणूंना बाहेर पडायला विरोध कमी होतो, आणि पाणी लवकर उकळतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, आणि तिथं पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. मुंबईपेक्षा पुण्यात दोन अंश आधीच उकळी फुटते, हे वैज्ञानिक सत्य आहे. त्याचा तिथल्या दुकानदारांशी संबंध जोडू नये. महाबळेश्वरात पंच्याण्णवच्या आसपास काम भागतं आणि लेहमध्ये पाणी ८८ अंशांनाच उकळ्या मारू लागतं, पण आतली डाळ ढिम्म राहते. उकळतंय म्हणजे शिजतंय, हा भ्रम तिथं पहिल्या जेवणाला उतरतो.

ह्यावरचा उतारा कुकर. दाब वाढवायचा, म्हणजे रेणूंची सुटका लांबते, पाणी १२० अंशांच्या आसपास जातं आणि तूरडाळ शरण येते. ही युक्ती डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. त्याच्या यंत्राचं काम हाडं मऊ करणं हे होतं. झाकण उडून जायची धास्ती असल्यामुळे त्यानं सुरक्षेची झडपही काढली. १६८२ च्या एप्रिलात सोसायटीच्या सदस्यांनी ह्या यंत्रात शिजवलेलं जेवण जेवलं, आणि जॉन एव्हलिन ह्या सदस्यानं रोजनिशीत त्याची तारीफ लिहून ठेवली. शिट्ट्या किती झाल्या होत्या, ह्याची नोंद मात्र त्यानं केलेली नाही. आपल्याकडे पहिला प्रश्न तोच झाला असता.

शिट्टी होते तेव्हा जे पांढरं दिसतं त्याला आपण वाफ म्हणतो. ती वाफ नव्हे. शिट्टीच्या अगदी तोंडाशी नीट पाहा. बोटभर जागेत काहीच दिसत नाही आणि ढग त्याच्या वरून सुरू होतो. त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत खरी वाफ असते. ती अदृश्य असते आणि बोट सोलून काढण्याइतकी तापट असते. पुढचं पांढरं म्हणजे गार हवेत येताच पुन्हा एकत्र जमलेल्या रेणूंचे बारीक थेंब. सुटून जाताना ते दिसत नाहीत, परत एकत्र आले की दिसतात.

आणि परत यायची हौस किती, ते पावसाळ्यात कळतं. कपडे वाळायला उकळी लागत नाही. साध्या खोलीतही पाण्यातले सगळ्यात चपळ रेणू सारखे निसटत असतात. चपळ गेले की मागे राहिलेल्यांची सरासरी घसरते, म्हणून माठातलं पाणी गार होतं. पण जुलैत कोकणपट्टीत हवा आधीच वाफेनं तुडुंब असते. दोरीवरच्या जीन्समधून जितके रेणू बाहेर पडतात, जवळपास तितकेच हवेतून येऊन तिच्यावर बसतात. कंबरपट्ट्याचा जाड भाग चौथ्या दिवशीही हाताला दमट लागतो. आत प्रचंड ये-जा चाललेली असते, फक्त हिशेब शून्य येतो. सरकारी समित्यांचं कामकाज ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

इथवर द्रव आणि वायू चळवळे असल्याचं मान्य होईल. पण दगड? खुर्ची? देव्हाऱ्यातली पितळी घंटा? ती तर शांत आहेत ना? नाहीत. धातूतला प्रत्येक अणू आपल्या जागेभोवती सेकंदाला साधारण दहा लाख कोटी वेळा थरथरतो. एवढे मोठे आकडे आपण फक्त अर्थसंकल्पात ऐकतो, तेही वर्षातून एकदा. आणि संधी मिळाली तर हे अणू जागाही सोडतात. रॉबर्ट्स-ऑस्टेन हे ब्रिटनच्या शाही टांकसाळीतले रसायनज्ञ होते. सोनं शिशामध्ये हळूहळू शिरतं, आणि तेही शिसं न वितळता, हे त्यांनी १८९६ मध्ये मोजून दाखवलं. टांकसाळीतल्या माणसानंच सोन्याच्या हालचालींवर डोळा ठेवावा, हे ओघानंच आलं. काही स्थायू तर द्रव होण्याची वाटही पाहत नाहीत. कपाटात पैठणीच्या घडीजवळ मलमलीच्या पुरचुंडीत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या दिवाळीला बोराएवढ्या असतात, पुढच्या लग्नसराईपर्यंत त्यांचे हरभरे होतात आणि त्यानंतर पुरचुंडी तेवढी उरते. कापूरही तसाच. डबी घट्ट लावली नाही तर तो आरतीच्या आधीच निघून जातो.

स्वस्थ न बसण्याचा सगळ्यात मोठा पुरावा स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्राउननं गोळा केला, तेही वनस्पतिशास्त्रज्ञ असून. १८२७ मध्ये त्यानं परागकणांतले बारीक कण पाण्यात सोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर ते सारखे वळवळत होते. पहिल्यांदा वाटलं, जिवंत आहेत म्हणून हलत असतील. मग त्यानं वाळलेल्या झाडांचे कण घेतले, तेही हलले. काचेची पूड घेतली, हलली. दगड घेतले, हलले. शेवटी इजिप्तच्या स्फिंक्सचा एक तुकडा मिळवून त्याची पूड पाण्यात टाकली. स्फिंक्स म्हणजे हजारो वर्षं एका जागी, पंजे पुढे करून, डोळ्याचं पातंही न लवता बसलेला प्राणी. बैठकीच्या बाबतीत जगात त्याच्यासारखा दुसरा नाही. त्याची पूडसुद्धा वळवळली. पाण्याचे न दिसणारे रेणू चहूकडून धडका देतात, म्हणून हे होतं, ह्याचं गणित आइनस्टाइननं १९०५ मध्ये मांडलं आणि फ्रान्सच्या जाँ पेराँनं ते मोजून पक्कं केलं. पेराँला १९२६ चं नोबेल मिळालं. त्याच्या मोजणीपर्यंत अणू आहेत की नाहीत ह्यावर मोठमोठे विद्वान भांडत होते. भांडण मिटलं ते चुळबुळीच्या साक्षीनं.

तेव्हा घरातलं मूल अभ्यासाला बसवलं की पाय हलवतं, पेन्सिल चावतं, खुर्चीच्या दोन पायांवर झुलतं, आणि त्याला कोणी ‘जरा स्वस्थ बस’ म्हणतं, तर ती मागणी किती मोठी आहे ह्याचा विचार व्हायला हवा. स्वस्थ बसायची जागा आहे उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला. तिथपर्यंत आजवर कोणी पोहोचलेलं नाही आणि नियमाप्रमाणे पोहोचताही येत नाही. जवळ गेलं तरी भागत नाही. हॉलंडमध्ये लायडेनला कामरलिंग ओन्नेसनं १० जुलै १९०८ रोजी हेलियम द्रवरूप केला. पुढे तो आणखी गार करून पाहिला, पण गोठेना. साध्या दाबाला हेलियम कितीही गार केला तरी गोठतच नाही. थंडी कितीही वाढवली तरी त्याच्या अणूंची उरलीसुरली वळवळ पुरून उरते आणि त्यांना रांगेत बसू देत नाही. शेवटी लायडेनलाच केसॉमनं १९२६ मध्ये त्याच्यावर जबर दाब टाकून त्याला गोठवलं. दाब टाकूनच जो बसतो, तो बसला असं म्हणायचं का, हे पालकांनी ठरवावं.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की निदान स्थायू आणि द्रव ह्यांच्यातली रेघ तरी पक्की आहे, त्यांनी डांबराकडे पाहावं. गार, घट्ट डांबरावर हातोडा मारला तर काचेसारखे तुकडे उडतात. म्हणजे स्थायूच. पण १९२७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल ह्या प्राध्यापकांनी डांबर तापवून एका नरसाळ्यात ओतलं, तीन वर्षं ते स्थिरावू दिलं, आणि १९३० मध्ये नरसाळ्याची नळी खालून कापली. मग डांबर थेंब होऊन गळू लागलं. ‘लागलं’ म्हणणं धाडसाचं आहे, कारण पहिला थेंब पडला १९३८ मध्ये. तेव्हापासून २०१४ पर्यंत एकूण नऊ थेंब पडले. डांबर पाण्याच्या सुमारे २३ हजार कोटीपट दाट आहे, असा हिशेब निघाला. त्याचे रेणू शेजार बदलतात, पण निवांत. आपल्याकडच्या रस्त्यावरचं डांबर एका पावसात निघून जातं, ते ह्याच कुळातलं असलं तरी त्याच्यावर संस्कार वेगळे झालेले असतात.

ह्या नरसाळ्याची राखण १९६१ पासून जॉन मेनस्टोन ह्या भौतिकशास्त्रज्ञाकडे होती. पडताना थेंब कोणी पाहिलाच नव्हता, आणि मेनस्टोनना तो पाहायचा होता. १९८८ मध्ये एक थेंब अगदी सुटायला आला, तेव्हा ते पाच मिनिटं चहापाण्याला बाहेर गेले आणि थेंब पडला. २००० साली त्यांनी धोका नको म्हणून कॅमेरा लावला, तर कॅमेऱ्यानं ऐन वेळी दगा दिला. २००५ मध्ये त्यांना आणि दिवंगत पार्नेलना ह्या चिकाटीबद्दल इग नोबेल, म्हणजे नोबेलचं गमतीदार विडंबन असलेलं पारितोषिक, मिळालं. जुलै २०१३ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या अशाच एका प्रयोगात डांबराचा थेंब पडताना पहिल्यांदा चित्रित झाला. ऑगस्टमध्ये मेनस्टोन वारले. त्यांच्या नरसाळ्यातला नववा थेंब पुढच्या एप्रिलात खाली टेकला.

प्रयोग अजून चालू आहे. नरसाळ्यावर कॅमेरा रोखलेला आहे आणि घरबसल्या कोणालाही तो पाहता येतो. आत काही हलताना दिसणार नाही, पण आता आपल्याला माहीत आहे की सगळं हलतं आहे. बघायला बसायचं असेल तर तयारी फारशी लागत नाही. वेळ भरपूर हवा, आणि चहा आधीच जवळ घेऊन बसायला हवं.